उजवा काठ

त्या वर्षी वारा असा कोरडा सुटला होता की मागावरच्या सुताकडे नुसतं डोळे वटारून बघितलं तरी ते तुटावं. थोरली सकाळी उठली की आधी पोती भिजवायची आणि मागाच्या खड्ड्यात, पायांच्या दोन्ही बाजूंना अंथरायची. तासाभरात पोती वाळून खडखडीत व्हायची आणि दोरे पुन्हा पटापट तुटायला लागायचे. दोरा तुटला की थोरली शिवी हासडायची. डावीकडे बसलेली धाकटी जाऊ काही न बोलता तुटलेली टोकं शोधायची, थुंकी लावून जोडायची आणि म्हणायची, "झालं ताई, चला."

दोघी एकाच फळीवर बसून विणत. त्या घरची चादर एवढी रुंद की एकीचे हात दोन्हीकडे पोचणं शक्यच नाही. उजवीकडून थोरली आडव्या सुताचा धोटा फेकणार, डावीकडून धाकटी झेलणार आणि परत पाठवणार. मधला सपाट भाग दोघींचा, काठ मात्र जिचा तिचा. काठावर वेल असायची. बोटांनी ताण्याचे उभे दोरे उचलून, रंगीत दोऱ्याने एकेक पान भरायचं. डाव्या वेलीची पानं उजवीकडे बघणार, उजव्या वेलीची डावीकडे. चादर अंगावर घेतली की दोन वेली एकमेकींशी बोलत असल्यासारख्या समोरासमोर येत. गावात माग घरोघरी होते, पण ही चादर एवढ्या एकाच घरात व्हायची.

उजवा काठ अवघड. का अवघड, ते सासूला ठाऊक होतं आणि थोरलीला. सासूची नजर गेली तसा तो एकट्या थोरलीचा झाला. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिला डावीकडे बसवलं, बोटं धरून धरून शिकवलं, चुकली की बोटांवर सुताची कांडी मारली. पुढे धाकटीचा नवरा तापाने गेला, पोटी काही नाही. तेव्हापासून डावीकडची जागा हेच तिचं घर आणि दार. उजवीकडचं तिने कधी विचारलं नाही, थोरलीने कधी दाखवलं नाही.

आणि एक नियम होता. काठ सुनेला शिकवायचा, लेकीला नाही. लेक उद्या दुसऱ्या घरी जाणार आणि जाताना घरचा काठ बोटांत घेऊन जाणार. थोरलीला एकच मुलगी. सारखी काही ना काही उचलत, वाहत असायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगी चालायला लागल्यापासून मागाभोवती घुटमळायची, फळीखालून हात घालून दोरे उचलून बघायची. शेवटी थोरलीने तिला उचललं आणि गावाबाहेरच्या मुलींच्या मदरशात राहायला ठेवलं. तिथे लिहा-वाचायला शिकेल, कुराण शिकेल, दोन वेळचं जेवण मिळेल आणि मागापासून लांब राहील. पहिले काही महिने थोरली विणताना उगाचच फळीखाली बघायची.

तर त्या कोरड्या दिवसांत मदरशाच्या मोठ्या बाई घरी आल्या. उंच, हाडकुळी बाई, बोलणं मऊ, पण पायरीवर बसली ती काम झाल्याशिवाय उठणार नाही अशी.

"यंदा चंदा देणाऱ्यांचेच हात आखडलेत," त्या म्हणाल्या. "त्यांना तरी काय बोलणार. पण मुलींनी किती दिवस दुसऱ्याच्या ताटाकडे बघत राहायचं? आपलं आपण कमवून खावं, असं ठरवलंय. जुने माग मिळाले, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे केलेत. शिकवणारी हवी. आणि शिकायचंच तर तुमची चादर शिकावी."

हे बोलताना त्या थोरलीकडे बघत होत्या. फक्त थोरलीकडे.

थोरलीला मनातून गुदगुल्या झाल्या. आजवर तिला कोणी कधी बोलावणं धाडलं नव्हतं. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. माणसाने जरा आढेवेढे घ्यावेत, समोरच्याने गळ घालावी, मग नाइलाज झाल्यासारखं हो म्हणावं, अशीच रीत ती लहानपणापासून बघत आली होती. ती म्हणाली, "आमच्या घरचं काम बाहेर जात नाही, बाई."

"अगदीच नाही?"

"घरचा नियम आहे." एवढं बोलून ती पाणी आणायला आत गेली. मुद्दाम सावकाश गेली. तांब्या घासला, परत घासला, पाणी गाळून घेतलं. बाहेर गेल्यावर बाई पुन्हा विचारतील, तेव्हा काय म्हणायचं तेही तिने जुळवून ठेवलं. मुलींच्या भल्याचं काम आहे, मग काय करणार, येईन बापडी, असं.

ती बाहेर आली तर बाई उभ्या राहून चपला घालत होत्या.

"तुमचा नियम मोडायला लावणं बरोबर नाही, म्हणून तुम्हाला आग्रह केला नाही," बाई पाणी घेत म्हणाल्या. "यांना विचारलं. या येते म्हणाल्या. अल्ला तुमच्या घराचं भलं करो."

धाकटी मागावर बसल्या जागी खाली मान घालून कांडी भरत होती. थोरलीच्या हातात रिकामा तांब्या राहिला. आता बोला. तोंडातलं वाक्य तोंडातच, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नाही.

"मला विचारायचं तरी," बाई गेल्यावर ती धाकटीवर खेकसली.

"तुम्ही नाही म्हणालात ना ताई," धाकटी म्हणाली. "आणि नियम काय, तर काठ सुनेला शिकवायचा. त्या मुली कुणाच्या तरी सुना होणारच की."

कोपऱ्यातल्या खाटेवर सासू फिसकन हसली. थोरलीने तिच्याकडे बघितलं तर म्हातारी तोंडावर पदर घेऊन झोपेचं सोंग करून पडलेली.

धाकटी रोज सकाळी मदरशात जाऊ लागली आणि दिवस मावळायच्या आत परत येऊ लागली. घरचा माग बंद पडला. थोरलीने नवऱ्याला डावीकडे बसवून बघितलं. तो सूत रंगवायचा, खळ लावायचा, ताणा उन्हात पसरून वाळवायचा. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्याची बोटं रंगाने राठ झालेली, दोरा उचलायला गेला की तीन तुटायचे. थोरली ओरडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फळीवरून उठला आणि म्हणाला, "तुझ्या शेजारी बसायचं तर श्वाससुद्धा तुला विचारून घ्यावा लागतो. ती कशी बसली इतकी वर्षं, तिलाच माहीत." आणि तो रंगाच्या हंड्यांकडे निघून गेला.

मग थोरली अरुंद पंचे विणू लागली. एकटीने विणता येतात, कुणीही विणतं. विणताना डोकं मोकळं असतं आणि मोकळ्या डोक्यात काय काय येतं. धाकटीला मदरशात बसायला खुर्ची आहे. धाकटीला कपबशीतून चहा येतो. मुली तिला उस्तादबाई म्हणतात. ही, जिला सुरुवातीला धोटा सुलटा की उलटा कळत नव्हता, ती उस्तादबाई. धाकटीने नव्या चपला घेतल्या, साध्याच, पण थोरलीला दारातल्या त्या चपला दिवसातून दहादा दिसायच्या. एकदा कुणी बघत नाही असं पाहून तिने त्या पायाने भिंतीकडे सारल्या. मग स्वतःच्याच वागण्याची लाज वाटून परत जागेवर आणल्या.

चालणंही बदललं होतं धाकटीचं. पूर्वी भिंतीला धरून चालायची, आता अंगणाच्या मधून.

पण खरा चटका वेगळाच होता. आठवड्यातून एकदा थोरली लेकीला भेटायला जायची ती गोष्ट वेगळी. आता लेकीची रोजची बातमी घरात यायची ती धाकटीच्या तोंडून. मुंगीला सर्दी झालीय. मुंगीने आज सगळ्यांना हसवलं. मुंगी उंच झाली, कुर्ता आखूड होतोय. थोरली भाकरी थापत ऐकायची आणि भाकरी जाड व्हायची.

एका संध्याकाळी धाकटी हातपाय धुऊन चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या लेकीची बोटं तुमच्यासारखी आहेत. एकदा दाखवलं की बास."

थोरलीचा हात थांबला. "काय दाखवलं?"

"काठ."

"मुंगीला?"

"सगळ्यांना शिकवायचं आणि तिला एकटीला बाहेर बसवायचं? ती रडायला लागली, ताई."

रडायला तर ती फळीखाली बसूनही लागायची. तेव्हा आपण, सख्ख्या आईने, काळजावर दगड ठेवून तिला उचलून बाहेर नेलं होतं. नियम म्हणून. आणि ते सुख या बाईने आयतं उचललं. लेकीची बोटं हातात धरायची, पहिलं पान भरलं की तिच्या डोळ्यांत बघायचं, ते सगळं हिने घेतलं. थोरलीला इतका मत्सर वाटला की तिला चुलीचा धूर लागल्याचं निमित्त करून उठावं लागलं.

धाकटीला मात्र अजून काही बोलायचं होतं. ती मागोमाग अंगणात आली. "ताई, उजवीकडचं एकदा दाखवा ना. मी डाव्यासारखंच करून घेतेय मुलींकडून, पण जमत नाही. पानं उलटी बघतात. मोठ्या बाईंनी चादरी करायला घेतल्यात, मुलींचं पुढचं सगळं त्याच्यावर आहे."

आता कुठे थोरलीला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी बरं वाटलं. तिने दोरीवरचे पंचे काढले, घडी घातली, घडीवर घडी ठेवली.

"तुला शिकवलं तेवढं पुष्कळ झालं," ती म्हणाली. "उस्तादबाई आहेस ना. शोध तुझं तू."

धाकटी आत गेली. पुढचे काही दिवस थोरली गुणगुणत विणत होती. नवऱ्याने विचारलंही, आज काय विशेष. काही नाही, ती म्हणाली. मदरशातले सगळे माग एका बाजूने लंगडे आहेत आणि तो दुसरा पाय आपल्या मुठीत आहे, हे कुणाला सांगणार?

मग कापडवाला आला. तो गावोगावच्या मागांवरून माल उचलायचा, तोंडाने गोड, चेष्टेखोर. थोरलीचे पंचे त्याने चाळले, बाजूला ठेवले आणि आपल्या गाठोड्यातून एक चादर काढून तिच्या मांडीवर टाकली.

"बघा तुमच्या धाकट्या बाईंची कमाल. मदरशातली आहे. आणल्या तेवढ्या गेल्या, ही एक दाखवायला ठेवलीय."

थोरलीने चादर पसरली. डावा काठ चांगला होता, नाही म्हणायला जागा नव्हती. उजवीकडे आली आणि तिला हसूच आलं. पानं सगळी एकाच बाजूला तोंड करून बसली होती, उजवीकडची वेल डाव्या वेलीला पाठ दाखवत होती. आणि कडा आत ओढली गेली होती. बोट फिरवलं की चुणी लागत होती.

"हे बघितलंत का?" तिने कडा धरून त्याच्या नाकापुढे केली. "हा काठ आहे? शेंबड्या पोरानेही असा करू नये. पानं उलटी आहेत. चुणी बघा."

कापडवाल्याने बघितलं. खरंच बघितलं, डोळे बारीक करून.

"असेल बुवा," तो म्हणाला. "पण वहिनी, कुणाला कळतंय? उलट लोक म्हणाले, वेल एकाच दिशेने पळते, छान दिसते. आणि चुणी धुतल्यावर जाईल असं मी सांगतो."

"जाणार नाही."

"मी सांगतो, जाईल." तो हसला आणि चादर घडी करून परत गाठोड्यात घातली.

तो गेल्यावर थोरली कितीतरी वेळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून राहिली. विणलं नाही. कुणाला कळतंय. आख्खं आयुष्य फळीच्या उजव्या टोकाला काढलं, धाकटीला, लेकीला, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही, आणि कुणाला कळतंय. उद्या ती मेली तर उजवा काठ मरेल आणि चादरी तशाच खपत राहतील. कुणी विचारणारही नाही, अरे, पानं इकडे का बघतात.

"काय झालं गं?" खाटेवरून सासूने विचारलं.

"काही नाही. मुंगीला घरी आणते. माझ्या शेजारी बसवते."

"लेकीला?" सासू म्हणाली. "आणि नियम?"

"नियम माझ्यापुरताच होता का?"

सासूने कूस बदलली. मग म्हणाली, "जाताना डोक्यावर घे काहीतरी. ऊन आहे."

थोरली तडक निघाली. रस्त्यावर धुळीचे लोट उठत होते, घसा कोरडा पडला. मदरशाच्या फाटकातून ती आत शिरली, वर्गाच्या खोल्या ओलांडून मागे गेली. शेड लांबून ऐकू येत होतं. आठ माग एकदम चालले की पत्रा थरथरतो. इतके माग एका छपराखाली तिने कधी ऐकले नव्हते. दाराशी क्षणभर ती थांबली आणि तिला स्वतःच्या घरातला गप्प माग आठवून राग आला.

धाकटी नव्हती. मोठ्या बाईंबरोबर सुताच्या खोलीत गेली होती, तिची खुर्ची रिकामी होती. दारापासून दुसऱ्या मागावर मुंगी दिसली, डोक्याला घट्ट ओढणी, जीभ दातांत धरलेली. शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी.

मुंगी उजवीकडे बसली होती.

"आई? तू आज कशी?"

"घरी चल. सामान घे."

"का? आजीला काय झालं?"

"कुणाला काही झालं नाही. माझ्या शेजारी बसायचंय तुला. मी शिकवते, काठ आणि सगळं."

मुंगीने आईकडे असं बघितलं की थोरलीने नजर वळवली. "मी फळीखाली बसायचे तेव्हा मला ओढून बाहेर काढायचीस," मुंगी म्हणाली. चिडून नाही, नुसतं सांगितलं. "आता मी कशी येऊ? ही चादर अर्धी आहे. मी उठले तर ही एकटी पडेल ना."

शेजारची मुलगी हातात धोटा धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"तुला उजवीकडे कुणी बसवलं?" थोरलीने विचारलं.

"काकूने. म्हणाली, तुझी आई उजवीकडे बसते, तू पण उजवीकडेच बस."

राग येत होता आणि राग कुठे ठेवायचा ते सापडत नव्हतं. तिची नजर मागावर गेली. लेकीची पानं नेटकी होती. बोटं खरंच आपल्यासारखी होती. आणि कडा आत ओढली जात होती, प्रत्येक पानागणिक, केसभर केसभर.

"सरक," ती म्हणाली.

मुंगी सरकली. थोरली फळीवर बसली, पाय खाली मागाच्या पावड्यांवर गेले. "हे बघ. तुम्ही डाव्या काठासारखीच सुरुवात डावीकडून, म्हणजे आतून करता. इकडे सुरुवात कडेकडून करायची, आत यायचं, म्हणजे पान आत बघतं. कळलं? आता दोरा. डावीकडे धोटा हातात आला की पानाचा दोरा लगेच ओढतात. इकडे नाही ओढायचा. ढिला ठेवायचा. धोटा परत जाऊ दे, फणी ठोक, मग ओढ." तिने एक पान भरलं. दुसरं मुंगीकडून भरून घेतलं, तिची बोटं आपल्या बोटांत धरून. लेकीचा हात गरम होता, घामेजला होता. इतकी वर्षं हा हात बाहेर ठेवला होता.

पान आत बघत होतं. कडा सरळ होती. मुंगी एकदम हसली.

"आता नीट ऐक," थोरली तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "हे काकूला सांगायचं नाही. तुझं तुझ्यापाशी ठेवायचं. सगळ्या मुलींत तुझाच काठ सरळ येईल. काकूचासुद्धा नाही, तुझाच. घे शपथ."

मुंगीने मान हलवली. हो की नाही ते थोरलीने बघितलं नाही, हो धरून ती उठली. जाताना तिची पावलं हलकी पडत होती. बाहेर हातपंप होता, तिथे ती पाणी प्यायला थांबली. पाणी कोमट होतं, पण ओंजळ भरभरून प्यायली. आता येऊ दे म्हणावं धाकटीला. बघू दे लेकीचा काठ आणि बसू दे खुर्चीत चडफडत. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं.

शेडमधले माग थांबले होते. एकही चालत नव्हता.

थोरलीचा हात पदरावरच राहिला. आतून मुंगीचा आवाज येत होता, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काकू, इकडे उभी राहा. आईने दाखवलं. आता तुम्ही सगळ्या बघा."

शपथेची ही गत. पंपावरचं पाणीसुद्धा वाळलं नव्हतं.

ती दाराशी आली. मुंगीच्या मागाभोवती सगळ्या मुली गोळा झाल्या होत्या, मोठ्या बाईही होत्या, आणि पुढे धाकटी, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. दाराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"कडेकडून सुरुवात करायची," मुंगी सांगत होती. "आत यायचं. धोटा आला की दोरा ओढायचा, मग फणी."

चूक. घाईत चुकीचं सांगत होती. धाकटी मान हलवत होती, मुली ओठ हलवून पाठ करत होत्या. धोटा आला की ओढायचा. आता सगळ्या शेडमध्ये पानं आत बघतील आणि सगळ्यांच्या कडांना चुण्या पडतील, आणि धाकटीला वाटेल, आपल्याला उजवा काठ आला. थोरलीने फक्त गप्प राहायचं होतं. वर्गाच्या खोल्या ओलांडल्या की फाटक होतं. इतके दिवस तिला जे हवं होतं ते न मागता पदरात पडलं होतं.

ती फाटकाकडे वळलीही. चार पावलं गेली. आत कुणीतरी फणी ठोकली आणि त्या आवाजावरूनच तिला कळलं की दोरा लवकर ओढला.

ती परत फिरली, मुलींना कोपराने बाजूला करत मागापर्यंत गेली. "कोण म्हणालं, धोटा आला की ओढायचा? मी असं सांगितलं? परत गेल्यावर. फणी ठोकल्यावर. ऊठ तिथून."

मुंगी उठली. धाकटी सरळ उभी राहिली, तिचा चेहरा लाल झाला होता. तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा ताई."

"खुर्ची काय करू? डोक्यावर घेऊ?" थोरली फळीवर उजवीकडे बसली. डावीकडच्या मुलीला तिने हाताने उठवलं. "हिला काय जमणार माझा धोटा झेलायला. तू बस."

धाकटी आली आणि डावीकडे बसली. दोघींचे पाय पावड्यांवर गेले, न बोलता, एकदम. धोटा इकडून तिकडे गेला आणि परत आला. मुली धाकटीच्या बाजूला दाटीवाटीने उभ्या होत्या, सवयीने, रोज तिथेच उभ्या राहत असाव्यात.

थोरलीने धोटा हातात धरून ठेवला.

"ए मुलींनो," ती म्हणाली. "तिच्याकडे काय बघताय? इकडे बघा."